मा. उपळे आणि इतर ओळी

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पुष्कळ गावांच्या वाट्याला स्वतःचं एकट्याचं नाव आलेलं नाही. नुसतं वडगाव म्हटलं की समोरचा विचारणार, ‘कुठलं?’ म्हणून सरकारी याद्यांत वडगाव (सि.), टाकळी (बें.), सलगरा (दि.), उपळे (मा.) अशी कंसाची शेपटी लावलेली गावं भेटतात. सि. म्हणजे सिद्धेश्वर, बें. म्हणजे बेंबळी, दि. म्हणजे दिवटी आणि मा. म्हणजे माकडाचे. एसटीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा, तो ‘माकडाचं उपळं’ म्हणेल. बोलण्यात ओळख आधी येते, नाव मागून. कागदावर नाव आधी आणि ओळख कंसात कोंडलेली.

मला गावोगावच्या याद्या जमवायचा नाद आहे. देवळाच्या सभामंडपाचे वर्गणीदार, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, दिंडीतले विणेकरी, एखाद्या घराण्याची वंशावळ. कुठली स्मरणिका निघायची असली की लोक या याद्या आणून देतात, आणि कुणाचीच यादी दुसऱ्याच्या यादीशी जुळत नाही. एकीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी. एकीत गाव कंसात, दुसरीत स्वल्पविरामाच्या पलीकडे. तिसरीत प्रत्येक नावाच्या मागे ‘श्री.’, चौथीत फक्त सरपंचाच्या मागे. या सगळ्यांना एका रांगेत आणायचं म्हणजे ओळीतले शब्द उचलून इकडचे तिकडे ठेवायचे. हातानं करायला बसलं तर दिवस मावळतो आणि चुका राहतात त्या राहतातच. ज्या उपायानं हे काम माझ्यापुरतं सुसह्य केलं, त्याला संगणकवाले रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. लाडाचं नाव रेजेक्स.

गोष्ट अशी आहे. साध्या शोधात आपण एक शब्द देतो आणि यंत्र तोच शब्द धुंडाळतं. रेजेक्समध्ये शब्दाऐवजी ओळीचा घाट सांगायचा असतो. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. अधिकची खूण म्हणजे तिच्या आधीचं जे असेल ते एकदा किंवा कितीही वेळा. ^ ही टोपी म्हणजे ओळीची सुरुवात, $ म्हणजे ओळीचा शेवट. कंसात जे सापडेल ते यंत्र लक्षात ठेवतं. पहिल्या कंसातल्या मजकुराला \1 म्हणायचं, दुसऱ्यातल्याला \2. आणि खराखुरा कंस शोधायचा असेल तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ ओढायची, म्हणजे यंत्राला कळतं की हा कंस कामाचा नाही, मजकुरातला आहे. नोटपॅड प्लस प्लससारख्या फुकट मिळणाऱ्या संपादकात शोधाच्या रकान्यात एवढं लिहायचं:

^(.+) \((.+)\)$

आणि बदलाच्या रकान्यात \2 \1. बटण दाबलं की अख्खी यादी लोकांच्या तोंडच्या क्रमात उभी राहते. सि. वडगाव. बें. टाकळी. दि. सलगरा. आणि मा. उपळे! पत्रिकेत छापलं तर वाचणाऱ्याला वाटेल, उपळे नावाचे कुणी माननीय गृहस्थ कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे आहेत. हा मान अगदीच अनाठायी नाही म्हणा. या गावच्या माकडांच्या नावावर ३२ एकर जमीन असल्याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी आहे. २०२२ साली ती बातमी देशभर छापून आली होती. बत्तीस एकरांचा धनी म्हटल्यावर आमच्या भागात लोक मा. लावतातच.

दुसरी गंमत त्याच यादीतली. कंसाआधीची तिरपी रेघ न लिहिता, कागदावर दिसतं तसं ‘वडगाव (सि.)’ रेजेक्सच्या शोधात टाकलं, तर ते ‘वडगाव (सि.)’ला सोडून ‘वडगाव सिद्धेश्वर’ला जाऊन पकडतं. कारण यंत्राच्या लेखी कंस म्हणजे लक्षात ठेवायची खूण आणि टिंब म्हणजे कुठलंही अक्षर. त्या टिंबाच्या जागी सिद्धेश्वरातला द बरोबर बसतो. संक्षेप दिला आणि पूर्ण नाव हाती आलं. तलाठ्याच्या हातून असं घडतं तर आपण त्याचं कौतुक केलं असतं.

ही भाषा इतकी तुसडी आणि चिन्हांनी भरलेली का, याचं उत्तर तिच्या जन्मात आहे. १९४३ साली मॅकलक आणि पिट्स या दोघा अमेरिकन संशोधकांनी मेंदूतल्या पेशींचं एक गणिती चित्र मांडलं. अशा पेशींचं जाळं नेमक्या कुठल्या घटनामालिका ओळखू शकेल, हा प्रश्न स्टीफन क्लीनी या तर्कशास्त्रज्ञानं १९५१ मध्ये हाती घेतला आणि उत्तर लिहिण्यासाठी ही खुणांची पद्धत बसवली. पुढं १९६८ साली केन थॉम्प्सन यानं ती मजकूर शोधण्यासाठी वापरून दाखवली, आणि बेल प्रयोगशाळेत युनिक्ससाठी ‘एड’ नावाचा जो संपादक त्यानं लिहिला त्यातही ती घातली. तेव्हा बहुतेक संगणकांना पडदा नसायचा. टेलिटाइप नावाचं टंकयंत्रासारखं धूड असायचं. आपण टाइप करायचं आणि यंत्रानं कागदाच्या गुंडाळीवर उत्तर छापायचं. पूर्ण मजकूर डोळ्यांपुढं कधी नसायचाच. जो मजकूर दिसत नाही त्यातली एखादी ओळ बदलायची तर तिचं वर्णन करता आलं पाहिजे. बोट ठेवून ‘ही’ म्हणायची सोय नव्हती. मला हे कळलं तेव्हा त्या चिन्हांचा राग गेला.

आता आपल्याला पडदा आहे, बोटही ठेवता येतं. तरी यादी दोन-तीन हजार ओळींची झाली की आपण पुन्हा त्या टेलिटाइपपुढेच बसलेले असतो. सगळं दिसतं, पण बघून होत नाही. मग घाट सांगावा लागतो, आणि यंत्र प्रत्येक ओळीवर तो ठोकून बघतं. आमच्या तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी ठोकून पाहिली, तसं. ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेवांनी कुरकूर केली आणि मडकं कच्चं ठरलं. यंत्राच्या ठोकण्यात जी ओळ बसत नाही तीही कच्चीच राहते, म्हणजे जशी होती तशी. कुरकूर मात्र करत नाही. सगळं बदलून झाल्यावर न बसलेल्या ओळी शोधून काढणं, हे अर्ध्याहून जास्त काम असतं.

या सगळ्याची खरी परीक्षा जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मान्यता आली आणि शहर अधिकृतपणे धाराशिव झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्ह्याच्या नावाचीही अधिसूचना निघाली. तोंडी धाराशिव म्हणणारी जुनी माणसं कायमच होती, त्यांना काही बदलावं लागलं नाही. बदलायचं होतं ते फायलींमध्ये. माझ्याकडच्या जुन्या लेखांत, याद्यांत, पत्त्यांत उस्मानाबाद खच्चून भरलेलं होतं. ‘सगळे बदला’ हे बटण अशा वेळी फार लाघवी दिसतं.

पण दाबून बघा. उस्मानाबादी शेळीची धाराशिवी शेळी होते. या काळ्या, काटक, बहुधा जुळी देणाऱ्या शेळीचं नाव देशभरच्या पशुपालकांच्या तोंडी आहे आणि जातींच्या अधिकृत नोंदीतही तेच आहे. जिल्ह्याच्या नामांतरानं तिचं काही बदललेलं नाही. जानेवारी २०२० मध्ये इथं ९३वं अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. ते उस्मानाबादचं संमेलन म्हणूनच भरलं, त्याच्या मांडवावर तेच नाव होतं. २०२४ ची लोकसभा निवडणूक नामांतरानंतरची, तरी मतदारसंघ उस्मानाबादच राहिला, कारण मतदारसंघांची नावं पुनर्रचनेच्या आदेशातून येतात, अधिसूचनेतून नाही. आणि १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होण्याआधीचा एखादा लेख असेल तर त्यात ‘उस्मानाबाद जिल्ह्यातील औसा, निलंगा, उदगीर’ असं असणार. तिथं धाराशिव घातलं तर वाचणारा नकाशा काढून बसेल.

याशिवाय आपली मराठी. नाव कधी एकटं येत नाही, मागे विभक्ती घेऊन येतं. उस्मानाबादचा, उस्मानाबादला, उस्मानाबादहून, इथपर्यंत ठीक. नुसतं नाव बदललं की शेपूट जसंच्या तसं नव्या नावाला चिकटतं. पण ‘उस्मानाबादेत’चं काय करायचं? सरळ बदललं तर ‘धाराशिवेत’ होईल, जे आजवर कुणी उच्चारलेलं नाही. म्हणून असा घाट लिहावा लागला:

उस्मानाबाद(?![ीे])

याचा अर्थ, उस्मानाबाद शोध, पण त्याच्या लगेच पुढे दुसरी वेलांटी किंवा मात्रा असेल तर हात लावू नको. शेळी वाचली. ‘उस्मानाबादेत’च्या ओळी वेगळ्या काढून तिथं ‘धाराशिवमध्ये’ केलं. संमेलन, मतदारसंघ आणि १९८२ च्या आधीचं लातूर यांच्यासाठी कुठलाच घाट पुरत नाही. त्या ओळी एकेक वाचूनच ठरवाव्या लागल्या. बदलाचा रकाना भरायला क्षणभर लागतो, सगळी अक्कल शोधाच्या रकान्यात खर्च होते. नामांतराच्या बाजूनं आणि विरुद्ध भांडणाऱ्या दोन्हीकडच्या मित्रांना मी हे सांगून पाहिलं. दोघांनाही शेळीचंच तेवढं हसू आलं.

वरच्या घाटात एक वेलांटी आणि एक मात्रा अशा सुट्या लोंबकळताना दिसतात, त्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण देवनागरीत रेजेक्स लिहिण्यातली खरी मजा तिथंच आहे. ‘धाराशिव’ आपल्याला चार अक्षरांचं दिसतं. संगणकाच्या पोटात ते सात खुणांचं असतं: ध, काना, र, काना, श, पहिली वेलांटी, व. पहिली वेलांटी आपण श च्या आधी लिहितो, पण साठवली जाते श च्या नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमानं. त्यामुळं रेजेक्समधलं टिंब ‘कुठलंही एक अक्षर’ पकडतं असं मी वर म्हटलं, ते मराठीत पुरतं खरं नाही. ते एक खूण पकडतं, मग ती नुसता काना का असेना. पायथन या भाषेच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये शब्दातलं अक्षर दाखवणारी एक तयार खूण आहे. तिच्यावर विसंबलं तर काने आणि वेलांट्या तिला अक्षरं वाटत नाहीत आणि धाराशिवचे ध, र, श, व असे चार तुकडे हातात येतात. इंग्रजीपुरता विचार करून बांधलेल्या घरात आपण पाहुणे आहोत, हे असं अधूनमधून जाणवतं.

पण त्याच तुटकपणाचा फायदाही होतो. काना वेगळी खूण असल्यामुळं त्याच्यामागं प्रश्नचिन्ह लावून ‘असला तर असू दे’ म्हणता येतं. उस्मा?ना?बाद असं लिहिलं की उस्मनाबाद, उस्मानबाद अशी घाईत टाइप झालेली सगळी रूपं एका जाळ्यात येतात. ‘शेतकऱ्यांचा’ हा आमच्याकडं रोज लागणारा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत ऱ ही स्वतंत्र खूण असते, दुसरीत साधा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडणारा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा नाही. अशा वेळी माणूस डोळे चोळतो आणि स्वतःवर संशय घेतो. दोन्ही रूपं कंसात उभ्या रेघेनं वेगळी करून दिली की संपलं.

ओळीतल्या ओळीत उचलाउचल करण्याचा सगळ्यात सुंदर नमुना मला जुन्या फॉन्टांच्या फायलींत मिळाला. युनिकोड रुळायच्या आधी छापखान्यांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत श्रीलिपी आणि तसल्या फॉन्टांवर काम चालायचं. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थेचे अहवाल, सगळं त्यातच. त्या फाइली आज उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. प्रत्येक इंग्रजी खुणेजागी मराठी खूण बसवली की मजकूर जवळजवळ वाचता येतो. जवळजवळ म्हणायचं कारण पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टात ती दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती नंतर हवी. ‘निजाम’मध्ये तिला एका व्यंजनावरून उडी मारायची आहे, पण ‘स्थिती’मध्ये स् आणि थ या दोघांवरून. तर त्यासाठी:

ि(([क-ह]्)*[क-ह])

आणि बदलात \1ि. वेलांटी, मग क ते ह पैकी हलन्त व्यंजनं कितीही, शून्य असली तरी चालतील, मग एक पूर्ण व्यंजन. हे सगळं पुढं घे आणि वेलांटी मागं ठेव. एका ओळीची ही सूचना हजारो वेलांट्यांना आपापल्या जागी नेऊन बसवते. रफाराचं उलटं असतं. तो जुन्या फॉन्टात अक्षरानंतर येतो, त्याला आधी आणावं लागतं. माझं वैयक्तिक मत असं की मराठी व्याकरणाच्या वर्गात जोडाक्षर शिकवताना हा घाट फळ्यावर लिहायला हरकत नाही. व्यंजन, हलन्त आणि स्वरचिन्ह यांचं नातं इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही.

त्या चौकटीतल्या क-ह या पल्ल्यात ळ सुद्धा येतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढं, व च्या आधी बसवलेला आहे. आपण शाळेत य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ म्हणत मोठे झालो. ळ तिथं ह च्या नंतर. याचा त्रास गावांची यादी वर्णानुक्रमे लावताना होतो. संपादकाची साधी क्रमवारी तक्त्यातल्या क्रमानं जाते, म्हणून कळंब आधी आणि कसबे तडवळे नंतर येतं. वर्णमालेनं कसबे तडवळे आधी हवं. (बाबासाहेब आंबेडकर १९४१ साली ज्या कसबे तडवळ्याच्या परिषदेला आले होते, तेच हे गाव. यादीत त्याला मागं ढकलायला माझं मन घेत नाही, पण ते कारण शास्त्रीय नव्हे.) यावर एक देशी तोडगा आहे. क्रमवारी लावायच्या आधी सगळ्या ळ च्या जागी अवग्रह, म्हणजे ऽ, घालायचा. अवग्रह तक्त्यात ह च्या नंतर आणि कान्याच्या आधी येतो, नेमका आपल्याला हवा तिथं, आणि गावाच्या नावात तो कधी नसतो. मग क्रमवारी लावायची आणि अवग्रह पुन्हा ळ करायचे. मधल्या काळात पडद्यावर कऽंब, ढोराऽा, तुऽजापूर अशी गावं दिसतात. घरात कुणी डोकावलं तर काय चाललंय म्हणून विचारतात.

वंशावळीचं काम याहून सोपं असतं, असं वाटतं. माणसं वंशावळ सांगताना आपल्यापासून सुरू करतात: मी, माझे वडील, आजोबा, पणजोबा. छापताना मूळ पुरुष वर हवा. म्हणजे अख्खी फाइल खालची वर करायची. थॉम्प्सनच्या त्या जुन्या ‘एड’मध्ये आणि त्याच्या वंशातल्या व्हिममध्ये यासाठी सहा खुणांची सूचना आहे: जी, मग दोन तिरप्या रेघांमध्ये टोपी, मग एम आणि शून्य, /^/ हा तिचा मधला भाग. जी म्हणजे जुळणाऱ्या सगळ्या ओळींवर, टोपी म्हणजे जिला सुरुवात आहे अशी ओळ, अर्थात सगळ्याच, आणि एम शून्य म्हणजे शून्याव्या ओळीच्या खाली ने, म्हणजे सगळ्यांच्या वर. यंत्र आधी सगळ्या ओळींवर खूण करून घेतं आणि मग एकेकीला उचलून माथ्यावर ठेवत जातं. शेवटची ओळ शेवटी उचलली जाते म्हणून सगळ्यात वर राहते. पणजोबा वर, नातू खाली. व्हिमचा कर्ता ब्राम मूलेनार २०२३ मध्ये गेला. त्यानं वापरणाऱ्यांना युगांडातल्या मुलांना मदत करा, असं सांगितलं. आमच्याकडच्या कितीतरी मूळ पुरुषांना माथ्यावर बसवण्यात त्या डच माणसाचा हात आहे.

आणि मग नावांच्या याद्या. सरकारी पद्धत आडनाव, नाव, वडिलांचं नाव. लग्नपत्रिकेची पद्धत नाव, वडील, आडनाव. ^(.+?) (.+?) (.+)$ शोधायचं आणि \2 \3 \1 करायचं. अधिकच्या मागचं प्रश्नचिन्ह हावरटपणा कमी करण्यासाठी, नाहीतर पहिला कंस मिळेल तेवढं गिळत जातो. दोन शब्दांचं आडनाव असलं, मध्ये ‘उर्फ’ आलं, पुढं ‘ह. भ. प.’ लागलं की घाट कोसळतो. एकच शब्द असलेली ओळ तर त्यात बसतच नाही. उपळ्याच्या माकडांसारखा खातेदार आला तर त्याला ना आडनाव, ना वडील. यंत्र त्याला तसाच सोडून पुढं जाईल. बाईच्या ओळीत तिसऱ्या जागी वडील आहेत की नवरा, हे यंत्राला कळत नाही. कागदालाही कळत नव्हतं.

आता नवा क्रम आला आहे. राज्य शासनाच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी त्याचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. हे वाचून एका स्मरणिकेच्या मंडळींनी उत्साहानं ठरवलं की गावातल्या गुणवंतांची जुनी यादीही या नव्या क्रमात छापू. विचार मला पटला. मी शोधाचा रकाना भरला. बदलाच्या रकान्यात \2 लिहिलं आणि थांबलो. पुढं आईचं नाव हवं, आणि ते कुठल्याच कंसात नव्हतं. वर्गणीदारांच्या यादीत नव्हतं, वंशावळीत नव्हतं, शाळेच्या जुन्या यादीतही नव्हतं. तुळजाभवानीला अख्खा मुलूख आई म्हणतो, नवरात्रात कुठून कुठून माणसं अनवाणी चालत येतात, आणि त्याच मुलखातल्या माझ्या एवढ्या याद्यांत एका माणसाची आई नावानिशी सापडू नये. रेजेक्स ओळीतलं काहीही कुठंही नेऊ शकतं. जे ओळीत कधी लिहिलंच नाही, ते आणणार कुठून?

हल्ली काही मित्र असल्या याद्या सरळ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हवाली करतात. तीही त्या १९४३ च्या मेंदूपेशींच्या चित्राचीच वंशज. क्लीनीच्या खुणा एका फांदीवर, ही दुसऱ्या. रेजेक्सच्या मानानं ती कितीतरी हुशार आहे, ‘उर्फ’ आणि ‘ह. भ. प.’ तिला बरोबर कळतात. पण रिकामी जागा रिकामी ठेवणं तिच्या स्वभावात फारसं नाही. आईच्या जागी तिनं लक्ष्मीबाई, पार्वतीबाई अशी शोभणारी नावं भरून दिली तर कुणाला संशयही येणार नाही. त्यापेक्षा न जुळलेली ओळ तशीच सोडणारं माझं जुनं आडमुठं यंत्र परवडलं.

जुन्या कागदांत शोधावं तर तिथंही मर्यादा आहेत. निजामाच्या राज्यातलं दप्तर उर्दूत आणि मोडीत हातानं लिहिलेलं आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाडाभर कचेऱ्यांतली ती बाडं बाहेर निघाली, तेव्हा वाचायला मोडीचे आणि उर्दूचे जाणकार बसवावे लागले. कुठल्या शोधाच्या रकान्यात काही टाकून ते काम होण्यासारखं नव्हतं. आणि त्या बाडांतही महसूल भरणाऱ्याचं नाव असतं, त्याच्या आईचं नव्हे.

ते नाव आज फक्त माणसांच्या आठवणीत आहे. गावातल्या ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्यांना अजून सांगता येतं, अमक्याची आई तमक्या गावची, तिचं माहेरचं नाव हे, सासरी ठेवलेलं हे. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपात सास्तूर-किल्लारीच्या पट्ट्यात अशी सांगणारी माणसं एका पहाटेत किती गेली, ते इथं कुणाला सांगायला नको. उरलेली दरवर्षी कमी होत आहेत.

तेव्हा तुमच्याकडे घराण्याची वंशावळ, गावची एखादी जुनी यादी, मंडळाचं रजिस्टर काही असेल तर या दिवाळीत गावी गेल्यावर वहीपेन्सिल घेऊन एखाद्या आजीजवळ बसा. ज्याच्या त्याच्या पुढं आईचं नाव विचारून लिहा, तिचं माहेरही लिहा. मग साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एका ओळीत एक माणूस, मध्ये स्वल्पविराम, एवढंच करा. आडनाव आधी की शेवटी, गाव कंसात की बाहेर, याचा घोळ घालत बसू नका. क्रम मागाहून कसाही लावता येतो.